घामाचा वास आणि पत्र्याची पेटी

"शेवंताबाई, उद्यापासून काउंटरवर उभं राहू नका. तुमचा वास येते अशी साहेब लोकांची तक्रार आहे."

मॅनेजर हे भर जेवणाच्या सुट्टीत, रांगेसमोर बोलला. वर म्हणाला, "तुमच्या वस्तीत आंघोळ करतात का नाई?"

शेवंता वरणाचा डाव हातात धरून तशीच उभी. मी शेजारी पोळ्या वाढत होते.

घुग्घुसकडच्या एका कारखान्याचं हे कॅन्टीन. साल चौऱ्याऐंशी असावं. शेवंताला मागे भांड्यांवर टाकलं. तिथे बदली बाया असत, म्हणजे बोलावलं तर काम, नाहीतर घरी. तिचं घर तिच्या एकटीच्या कमाईवर होतं. आणि ती रोज आंघोळ करून, पावडर लावून येई. आठवलं की अजून अंगाची आग होते.

मी तिला दवाखान्यातल्या सिस्टरबाईंकडे नेलं.

"ताज्या घामाले वास नसते, बाई," त्या म्हणाल्या. "कातडीवरचे बारीक जंतू काखेतला घाम खातात, तेव्हा वास सुटते. ओल्या कपड्यात ते वाढतात. पावडरनं जात नाई. काखा साबणानं धुवा, कोरड्या करा. ब्लाउज रोज धुता ना?"

"कंपनीचा टेरिकॉटचा आहे. हप्त्याच्या सुट्टीलेच धुतो. बाकी दिवस घरी कुठी नेऊ देते तो मॅनेजर!"

खरंच होतं. युनिफॉर्म चोरीला जाईल म्हणून मॅनेजर ड्यूटी संपली की आमचे चिंब ब्लाउज पत्र्याच्या पेटीत कोंडायचा. वर कुलूप. सकाळी तेच अंगावर. वास आम्हा सगळ्यांच्याच अंगाला येत असणार. शेवंता दिवसभर वरणाच्या वाफेत, म्हणून तिच्या अंगाला जास्त.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तसा मी शेवंताचा ब्लाउज उचलला आणि मॅनेजरच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला.

त्याने नाकाला रुमाल लावला. "हे काय आणलं?"

"तुमच्या पेटीतलं आहे, साहेब. शेवंता तर रात्रभर घरी होती."

"हुंगा साहेब, बराबर हुंगा!" मागून पोळ्या लाटणारी गिरजाबाई ओरडली. सगळ्या बाया हसल्या.

ब्लाउज घरी न्यायची परवानगी मिळाली. पुढे भांडून सुती ब्लाउजांचा जोडही मिळवला. शेवंता काउंटरवर परत आली. चुकलं, असं मॅनेजर तिला कधीच म्हणाला नाही. उलट भिंतीवर कागद चिकटवला: कामगारांनी स्वच्छता पाळावी.

कोणाला वासावरून बोलण्याआधी त्याला धुवायला पाणी आणि वाळवायला दोरी मिळते का, एवढं बघावं.