दाराजवळची खुर्ची

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगचा गुरुदत्त टूरची बस चालवायचा. तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आलेला, तिथलाच झालेला. एका माजी पंतप्रधानांचं घर आणि भोवतालचं मेंढ्यांचं फार्म जसंच्या तसं जपून ठेवलंय, तिथे त्याने सहा वर्षांत एकतीस वेळा माणसं नेली होती. स्वतः मात्र एकदाही आत गेला नव्हता. पार्किंगमधला खड्डा न् खड्डा पाठ, पण उंबऱ्याच्या आतलं विचाराल तर भोपळा! लोक परतीच्या वाटेवर तोंडभर कौतुक करायचे आणि हा बिचारा आरशात बघून नुसती मान डोलवायचा.

त्या शनिवारची फेरी शेवटची होती. सोमवारपासून तो रेल्वेत रुजू होणार होता. आज आत जायचंच, असं त्याने सकाळी दाढी करतानाच ठरवलं होतं. शर्टही इस्त्रीचा घातला होता.

बस थांबली. सिडनीच्या कॅसल हिल भागातली मराठी मंडळी उतरू लागली. त्यांच्या म्होरक्या रेखाकाकू म्हणाल्या, "गुरुदत्त, तुझा डबा इथेच आणून देते रे."

"नको काकू, आज माझा ब्रेक आतमध्ये!"

"अरे, मग बसकडे कोण बघणार?"

"लॉक केलीय. नो वरीज!" म्हणत तो सगळ्यांच्या पुढे सुटला.

काय बघू आणि काय नको, असं झालं त्याला. पंतप्रधान साहेबांचे मातीने माखलेले बूट, लोकर कातरायची शेड, तिथली लोकरीच्या तेलाने अजून तेलकट असलेली फळी. "काकू, हे बघा!" असं त्याने इतक्यांदा म्हटलं, की काकूंनी कपाळाला हात लावला.

जेवणघरात गाइडबाई सांगू लागल्या, की साहेबांचा ड्रायव्हर रोज घरच्यांबरोबर याच टेबलाशी जेवायचा. शेकोटीजवळची उबदार खुर्ची त्याच्यासाठी राखलेली असे. पण पठ्ठ्या वीस वर्षं दाराजवळ, गार वाऱ्यातच बसला. "का, ते कोणालाच कळलं नाही. बुजत असावा."

गुरुदत्त पुढे सरसावला. "त्याची गाडी कुठे उभी असायची?"

"फाटकापाशी. आता तुमची बस आहे तिथेच."

दाराजवळच्या त्या खुर्चीमागे उकिडवा बसून त्याने समोर बघितलं. उघड्या दारातून अंगण, फाटक आणि त्याची पांढरी बस, चारही चाकांवर सुखरूप उभी.

"बुजत नव्हता हो तो!" गुरुदत्त ओरडलाच. "इथून गाडी दिसते!"

गाइडबाई गुडघे सांभाळत त्याच्या शेजारी वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग खिशातून पेन काढून म्हणाल्या, "उद्यापासून मी हे सगळ्यांना सांगणार. कोणी शोधलं म्हणून सांगू?"

"ड्रायव्हरने," गुरुदत्त ताठ उभा राहत म्हणाला, "आणखी कोणाला कळणार?"