संघदीपचा गिलास

आमच्या शाळेत स्नेहसंमेलन असो की कुणाचा निरोप समारंभ, कोणीतरी उठतंच आणि म्हणतं, "गुरुजी, इटलीचं सांगा." दवनीवाड्याच्या आसपास इटली पाहिलेला मास्तर मी एकटाच. मग मीही सांगतो. बोगद्यातून निघाली की क्षणभर समुद्र दाखवणारी आगगाडी सांगतो, डोंगराला चिकटलेली लाल-पिवळी घरं सांगतो, वाळूऐवजी गोट्यांचा असलेला किनारा सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात. खाली बसताना मला माझीच किळस येते, कारण ज्यानं तो समुद्र दाखवला त्याला मी 'माझा एक मित्र' एवढ्यावर आटोपतो. आज नावानिशी सांगतो. संघदीप रामटेके, आमच्याच गावचा.

आम्ही एका वर्गात होतो. त्याचे वडील गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती उचलायचे आणि आई, शांतीबाई, घरी बिड्या वळायची. गणितात तो पक्का आणि मी ठोंब्या. म्हणून दहावीच्या वर्षापासून तो रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचा, मला शिकवायला. आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. पणजोबांनी घातलेल्या पाळीमुळे, म्हणजे तलावाच्या बांधामुळे, अर्ध्या गावाच्या धानाला पाणी मिळतं, हे माझे वडील यादोराव येईल त्याला ऐकवायचे. अशा पाणीदार घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, आमचा अभ्यास चालायचा. तिथल्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात एका बाजूनं चेपलेला जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, गिलास उपडा ठेवलेला असे. तो संघदीपचा.

त्याला तहान लागली की माझी आई, भागीरथा, आतून लोटा आणायची आणि वरून धार धरायची. पिऊन झालं की तो अंगणातल्या बोरिंगवर जायचा, गिलास विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात उपडा घालायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. निदान माझ्यासमोर तरी नाही.

आईचा जीव होता त्याच्यावर. भजी केली तर पहिला घाणा त्याला. पण सपरीत, पानावर. तीन वर्षं तो आमच्याकडे येत होता आणि आमचं स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. पंधरा वर्षांचा पोरगा आंधळा नसतो. माझं गणित सुधारत होतं आणि मला तेवढ्याशी मतलब होता.

नव्याण्णव साली तो गोंदियाच्या आयटीआयला वेल्डर म्हणून लागला आणि मी डी.एड.ला. त्यानंतर तो नागपूरला गेला, मग मुंबईच्या गोदीत, आणि तिथून एका ठेकेदारामार्फत थेट इटलीतल्या स्पेझिया नावाच्या बंदराच्या गावी, जहाजं बांधायला. मी शाळेत चिकटलो. नागरिकशास्त्र शिकवतो. फळ्यावर 'समता' हा शब्द मी इतक्यांदा लिहिलाय की खडू आपोआप वळतो. संघदीपनं आईसाठी गोंदियाजवळच्या मुर्रीला घर बांधलं. सुट्टीवर आला की आम्ही गोंदियात स्टेशनजवळ चहा प्यायचो, तासन् तास बोलायचो. 'घरी चल' असं मी एकदाही म्हणालो नाही आणि त्यानंही कधी 'येतो' म्हटलं नाही. माझे वडील दोन हजार आठमध्ये वारले, तेव्हा तो परदेशातून फोनवर रडला होता. तरीही मी म्हणालो नाही.

दोन हजार बाराच्या मे महिन्यात त्याचा फोन आला. "सुट्ट्या लागल्या ना तुले, जागू? ये पंधरा दिवस. समुद्र दाखवतो." तिकीट त्यानंच पाठवलं, व्हिसाची कागदपत्रंही त्यानंच. मी निघालो तेव्हा आईनं एक किलो चिन्नोर तांदूळ स्वतः निवडून, पाखडून बांधून दिला. "संघदीपले देजो. तिकडं भेटत नसन," म्हणाली. मी पिशवी बॅगेत कोंबली. त्या तांदळाचा दुसरा काही अर्थ असेल असं मनातही आलं नाही.

स्पेझियात तो तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायचा. ताट एकच होतं, मोठं, परातीएवढं. त्यातच आम्ही दोघं चिन्नोरचा भात कालवून जेवायचो. पहिल्या दिवशी त्यानं माझ्यासाठी वेगळी बशी काढली होती. "काऊन रे, पाहुना आहो का मी?" म्हणत मी ती परत ठेवली आणि मोठ्या ऐटीत त्याच्या ताटात हात घातला. माझ्या मोठेपणावर मी तेव्हा फार खूश होतो. मोबाइलवर फोटोसुद्धा काढला.

रोज आम्ही किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणाऱ्या गाडीत बसायचो आणि वाटेल त्या गावी उतरायचो. त्याला प्रत्येक स्टेशन पाठ होतं. कुठल्या बेकरीत मीठ-तेलाची जाडी रोटी गरम मिळते, कुठल्या गल्लीतून गेलं की समुद्र एकदम समोर येतो, सगळं. एकदा दूर एक पांढरं जहाज चाललं होतं. "त्याच्या पोटात माया हातचे जोड आहेत," तो म्हणाला आणि दिसेनासं होईपर्यंत पाहत उभा राहिला. पोहायला तर तो असा शिरायचा की गोरी पोरंही बघत राहायची. आमच्याच तलावात शिकला होता. आम्ही दोघंही तेव्हा तिशीच्या पलीकडे गेलेलो, पण त्या दिवसांत शाळा चुकवून आल्यासारखे हुंदडत होतो.

रविवारी त्याच्याबरोबर काम करणारा रेनाटो नावाचा फिटर आमच्यासंगे आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हसरा माणूस. एका गावी स्टेशनवरून भलामोठा चढ चढून आम्ही वर गेलो. ऊन कडक होतं. रेनाटोनं संघदीपच्या पिशवीतून पाण्याची बाटली ओढली, तोंड लावून घटाघटा प्याला आणि परत दिली. संघदीपनं ती तशीच, न पुसता, ओठांना लावली आणि संपवली. थोड्या वेळानं त्याला पुन्हा तहान लागली. मी माझी बाटली पुढे केली.

त्यानं हनुवटी वर केली, बाटली तोंडापासून वीतभर उंच धरली आणि धार सोडली. ओठाला एक थेंब लागला नाही.

रेनाटोला ती कसरत वाटली. त्यानं संघदीपच्या हातातून बाटली घेऊन तसंच प्यायचा प्रयत्न केला आणि सगळा शर्ट भिजवून घेतला. तो हसला, संघदीप हसला, मीही हसलो. मग माझं हसू अर्ध्यात थांबलं. आपल्याकडे वरून पिणारे खूप असतात, मीही गाडीत तसाच पितो, हे मी स्वतःला भराभर सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. ज्या माणसाची उष्टी बाटली त्यानं आत्ता तोंडाला लावली, तो परका. आणि माझी बाटली वरून.

रेनाटो शर्ट वाळवायला उन्हात गेला तेव्हा मी म्हणालो, "तोंड लावून पे ना बे."

"हं?" त्यानं बाटलीकडे पाहिलं. "अरे, सवय आहे."

मला काय वाटलं कोण जाणे. मी त्याची रिकामी बाटली नळावर भरून आणली आणि त्याच्यासमोर उभं राहून तोंड लावून प्यायलो, शर्टवर सांडेपर्यंत. अगदी नाटकात असतं तसं. तो शांतपणे पाहत होता.

"इथं कोन पाहून राहिलं?" तो म्हणाला. "तिथं पेजो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "दिवाळीले ये. मंडईच्या दिवशी. आपल्या घरी जेवजो. अंदर, चुलीपाशी, मायासंग."

"अंदर?"

"अंदर."

"तुया घराचा उंबरठा नाही ओलांडला रे मी आजवर," तो म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला. "मग येतो. सुट्टी टाकतो."

परत आल्यावर मी आईला सगळे फोटो दाखवले. एका ताटात जेवतानाचाही. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "बरं." बस, एवढंच. मी त्या 'बरं'चा अर्थ माझ्या सोयीनं लावला. आईला रुचलेलं नाही, आता या वयात तिला कशाला दुखवा, असा. तिला विचारलं मात्र नाही.

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरते. खेळण्यांची, बांगड्यांची दुकानं लागतात, दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, होते, घराघरात सोयरेधायरे येतात. आमच्याकडे केशोराव मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दोन दिवस आधीच येऊन बसले होते. जुन्या वळणाचे आणि तोंडाचे फटकळ. पण मास्तरचं डोकं ते! गोंदियाला जाऊन मी कागदी गिलासांची आणि कागदी ताटांची थप्पीच घेऊन आलो. सगळ्यांनाच कागदी. कोणाला वेगळं नाही, कोणाला दुखवणं नाही, धुण्याची कटकट नाही. बायकोला, पुष्पांजलीला, सांगून ठेवलं की पंगत सपरीतच मांडायची. या तोडग्यावर मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आता लिहितानाही कानशिलं तापतात.

संघदीप बाराच्या सुमाराला आला. इस्त्रीचा नवा शर्ट, हातात एक पिशवी. मोठेबाबांना राम राम केला. पूर्वी तो चपला पायऱ्यांखाली काढायचा. त्या दिवशी तो सपरी चढून थेट आतल्या दारापर्यंत आला आणि तिथे वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. मोठेबाबा पाहत होते. बूट निघाले. आता त्यानं फक्त एक पाऊल टाकायचं होतं, आणि त्याआधी मी 'चल' म्हणायचं होतं.

"इथंच बस ना," मी म्हणालो. "इथं हवा आहे."

नोव्हेंबरात कसली आली हवा! त्यानं माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि खुर्चीवर बसला.

जेवण झालं. मोठेबाबांनी इटलीतल्या धानाबद्दल विचारलं, तो नीट उत्तरं देत राहिला. पुष्पांजली दोनदा बाहेर येऊन मला म्हणाली, "माय बोलावून राहिली तुमाले अंदर." दोन्ही वेळा मी "येतो" म्हणालो आणि जागचा हललो नाही. मला वाटलं, आई मला बोल लावायला बोलावतेय.

संघदीप पाणी प्याला. मग तो उठला, बोरिंगवर गेला आणि तो कागदी गिलास विसळू लागला. मोठेबाबा हसले. "अरे, फेकून दे ते! धुतो कायले?" संघदीप सपरीत आला, कोनाड्यातली बॅटरी आणि दंतमंजनाची डबी बाजूला सारली आणि गिलास तिथे उपडा ठेवला. जिथे जर्मनचा असायचा, अगदी तिथेच.

मग त्यानं बूट घातले. पिशवी माझ्या हातात दिली. "शाल आहे. काकीले देजो. थंडीत होईन तिले." आणि पायऱ्या उतरताना म्हणाला, "जातो, जागू. माय वाट पाहून राहिली."

मी शाल घेऊन आत गेलो. चुलीपाशी दोन पाट शेजारी शेजारी मांडलेले होते. त्यांच्यापुढे दोन काशाची ताटं, आणि एका ताटाशी वडिलांचा पितळेचा गिलास. ते गेल्यापासून माळ्यावर पडलेला, काळा झालेला. आता सोन्यासारखा लखलखत होता. त्यात पाणी भरून वर वाटी झाकली होती. आई नवं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसली होती.

"कुठं आहे तो?"

"गेला."

"गेला? अंदर नाही जेवला?"

"सपरीत जेवला."

तिनं दोन पाटांकडे पाहिलं. "सकाळपासून बसून राहिली मी इथं. दोन डाव बलावलं तुले. तुनंच दाखवलं ना फोटोत, एका ताटात जेवता म्हनून? मले वाटलं, आता तू त्याले घेऊन येशील अंदर."

"माय, तू मले सांगतलं काऊन नाही?"

"तू इचारलं कधी?"

मोठेबाबांचं नाव ओठांवर आलं होतं, ते तिला आधीच कळलं असावं.

"मी तुया बापाले भेत होती," आई म्हणाली. "तू कोनाले भेला?"

तिशी ओलांडलेला, स्वतःच्या पगारावर घर चालवणारा माणूस मी. माझी नोकरी जाणार नव्हती, वाळीत कोणी टाकणार नव्हतं. एका म्हाताऱ्याच्या भुवया वर जातील, एवढीच भीती होती. मी शाल पुढे केली. तिनं हात मागे घेतला.

"त्याच्या हातून घेईन," म्हणाली. "जा, घेऊन ये त्याले."

"उद्या जातो," मी म्हणालो.

मुर्री आमच्या गावाहून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर आहे. मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही, तिसऱ्याही नाही. आठवडाभरानं तो परत गेला. शाल पेटीत ठेवली. आई दर हिवाळ्यात फाटकी गोधडी घ्यायची आणि त्या पेटीकडे बघायचीसुद्धा नाही. संघदीपचा वर्षातून एकदा फोन यायचा. इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारायचा, "काकी शाल घेते ना बे?" मी म्हणायचो, "घेते ना."

तो पुन्हा आमच्या गावी आला नाही. दोन हजार सतराच्या थंडीत आई गेली. मीच त्याला फोन केला.

"शाल टाकली का तिच्या अंगावर?" त्यानं विचारलं.

"टाकली," मी म्हणालो. शाल पेटीतच होती.