पंजाबचा पैलवान, मुक्काम शेंद्रा

आमच्या मॅनेजरनं जन्मात कधी लंगोट बांधला असेल तर तो पाळण्यात. तरी पोलीस ॲक्शनच्या आधी आपण हैदराबादच्या दरबारात कुस्ती मारली, असं तो छातीठोक सांगायचा. त्याला लहानपणापासून ओळखणारे म्हणायचे, तेव्हा तो उस्मानपुऱ्यात पतंगांच्या मागं पळत होता. आठवडी बाजाराच्या गावी तो कनात लावायचा, तिकिटावर कुस्त्या भरवायचा आणि कोण कधी पडणार हे आदल्या दिवशीच चहा पिता पिता ठरवायचा. अशा ठरवलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. आम्ही तिला नोकरी म्हणायचो.

मी शेंद्र्याचा. त्यानं मला पंजाबचा केलं. दाढी वाढवायला लावली, डोक्याला केशरी पटका गुंडाळला आणि बजावलं, "तोंड उघडू नको. तुझं 'व्हय' ऐकलं की संपलंच सगळं. शेंद्र्याच्या पैलवानाला बघायला कुत्रं येत नाय." हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग यायचा.

अडचण एकच होती. पैलवान आखाड्याच्या हौद्यात, मातीत उतरला की पुकारणारा आधी त्याच्या उस्तादाचं नाव घेतो. अमुक उस्तादांचा पठ्ठा म्हटल्यावर मग गाव, मग पैलवान. माझ्या उस्तादांनी उस्मानपुऱ्याच्या तालमीत बारा वर्षं घासून मला उभा केला होता. नुरा हा शब्द त्यांच्या तालमीत शिवीसारखा होता. पण पंजाबच्या पैलवानाला उस्मानपुऱ्याचा उस्ताद कसा चालणार? मॅनेजरनं ते नाव गाळलं आणि मी गाळू दिलं. उस्तादांना थोडंच कळणार आहे, असं मनाला सांगितलं.

पाचोडच्या बाजारी त्यांना कळलं. शेवटच्या कुस्तीची हातसलामी करायला गावकऱ्यांनी मानानं त्यांनाच बोलावलं होतं. बांधावर चपला काढून ते मातीत उतरले आणि माझ्यासमोर उभे राहिले. दाढीनं गाव फसलं, ते कसले फसतात! माझा चुरगळलेला कान त्यांच्याच तालमीतला होता. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "पैलवान, उस्ताद कौन तुम्हारे?"

ते मला वाट करून देत होते, हे मला तेव्हाही कळलं. पण भोंग्याचा माईक शेजारीच होता आणि मॅनेजर कनातीजवळून डोळे वटारत होता. नाव घेतलं असतं तर सोंग तिथंच उघडं पडलं असतं. छत्तीस इंची मांड्यांचा मी गडी, भेकडासारखा घाबरलो. म्हणालो, "कोई नहीं."

"अच्छा," ते म्हणाले. माझा हात त्यांनी समोरच्या पैलवानाच्या हातात दिला, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि कुस्ती न बघताच निघून गेले.

ठरल्याप्रमाणे आठव्या मिनिटाला मी चीत झालो. अंगावरची माती झाडतोय तोच मॅनेजर धावत आला. त्याला आनंद मावत नव्हता.

"काय बोललास रे! पब्लिक लई खूश! आता गावोगाव हेच पुकारायचं. बिनउस्तादाचा पैलवान!"

पुढं चार वर्षं तो तेच पुकारत राहिला, आणि ते ऐकून मी शड्डू ठोकत हौद्यात उतरत राहिलो.