घरचे नको म्हणतात

आमच्या बँकेत बाईला बढती आली की साहेब म्हणतात, "घरी विचारून सांगा." पुरुषाकडे नुसते पेढे मागतात.

पहिल्यांदा मला अलोऱ्याच्या शाखेची मॅनेजरकी आली, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी म्हटलं, "घरचे नको म्हणतात." आज खरं लिहिते. घरी मी विचारलंच नव्हतं. आमच्या बौद्धवाडीतली बँकेत लागलेली मी पहिली. त्या शाखेत काही चुकलं तर "यांना खुर्ची दिली की असंच होतं" हे ऐकावं लागेल, या भीतीने मी मागे सरले. मुंबईत नोकरी करणारा नवरा मात्र बायकोला अडवणारा म्हणून ऑफिसात बदनाम झाला, आणि मी ते होऊ दिलं. माझ्या जागी नवखा गृहस्थ गेला. तोच आता रत्नागिरीत माझा साहेब आहे.

गेल्या महिन्यात त्याच शाखेची बढती पुन्हा आली.

"मॅडम, घरी विचारून सांगा. मिस्टर तयार होतील ना?"

"तुम्ही गेलात तेव्हा वहिनींना विचारलं होतंत?"

ते हसले. "आमची गोष्ट वेगळी."

"मी जाणार आहे, साहेब. आणि मिस्टर तेव्हाही नको म्हणाले नव्हते. खोटं मी बोलले होते."

"पण तिथे काही चुकलं तर?"

"चुकेल की. तुमचं तिथलं चुकलेलं आम्ही इथून निस्तरलंच ना?"

संध्याकाळी नवऱ्याला फोन करून दोन्ही गोष्टी सांगितल्या. तो म्हणाला, "म्हणून मी सुट्टीत आलो की तुझ्या ऑफिसातले मला चहासुद्धा विचारत नव्हते काय?"