तिच्यासाठी पाण्यात ठेवलेले देव

अखंड आनंद मिळतो असं ऐकून मी भजनी मंडळात जायला लागले. मुलुंडला आमच्याच सोसायटीत, दर गुरुवारी. टाळ कुटून हात दुखले, आनंद काही इकडे फिरकला नाही. माझ्या बाजूला बसायची ती समोरच्या दारातली शेजारीण. माझ्या मुलीला लहानपणी फिट यायची, हे घराबाहेर फक्त तिला ठाऊक होतं.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा या शेजारणीने नेमकं तेच मुलाकडच्यांना सांगितलं. त्यांनी फोनवरच नकार कळवला. मी जाब विचारला तर म्हणाली, "खरं तेच बोलले ना गं? उद्या कळलंच असतं." माझी पोर कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती.

पुढे तिच्या मुलीचा साखरपुडा ठरला. त्याच दिवशी मी देव्हाऱ्यातले सगळे देव पातेलंभर पाण्यात ठेवले. घरावर संकट आलं की आमच्याकडे देव असे पाण्यात ठेवतात, मागणं पुरं झाल्यावरच बाहेर काढतात. माझं मागणं एवढंच होतं, हे लग्न मोडू दे. तिची पोर रडू दे आणि तिला ते ऐकावं लागू दे. खोटं कशाला सांगू, इतकं मन लावून मी कधीच पूजा केली नव्हती. रोज सकाळी पाणी बदलताना गुणगुणायचे. नवरा म्हणालासुद्धा, "हल्ली खुशीत असतेस."

मग तिच्या मुलीला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरल्या, आयसीयूत नेलं. हॉस्पिटलातून ती तशीच चपलांसकट माझ्या घरात शिरली आणि बोलता बोलता थांबली. तिला रिकामा देव्हारा दिसला होता, आणि खाली पातेलं.

"माझ्या पोरीसाठी ठेवलेस? मी अशी वागले, तरी?" एवढं म्हणून तिने फरशीवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागली.

खरं काय ते सांगून टाकावं, अगदी ओठांवर आलं होतं. याहून मोठा सूड मला मिळणार नव्हता. पण जीभ रेटली नाही. ती गेल्यावर मी पातेल्यासमोर बसले. तिची पोर वाचू दे, असं म्हणायला तोंड उघडेना आणि जुनं मागणंही म्हणवेना. देवांचाच भयंकर राग आला.

मुलगी बरी झाली. साखरपुडा झाला, लग्नही झालं. मागणं पुरं न होताच मी देव बाहेर काढून पुसले. तिला मी अजून माफ केलेलं नाही, आणि ती मात्र मंडळात ज्याला त्याला सांगते, "हिच्या देवांनी वाचवली माझी पोर." बायका माझ्या पाया पडतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

गेल्या गुरुवारी भजन संपल्यावर तिने माझा हात धरला. "एकदा तुझ्या मुलीसाठी ठेव ना गं देव पाण्यात. तिचंही जमेल कुठेतरी."

तोवर मला हे एकदाही सुचलं नव्हतं.