नऊ माळांच्या गोळ्या

सातवीत शाळा सुटली, आणि लग्नानंतर हिंगोलीहून मी थेट कोल्हापुरात आले. हे फौंड्रीत कामाला, मी एका मेसमध्ये भाकरी थापायला. इथलं बोलणं ऐकून आधी वाटायचं, सगळे भांडतायत. त्यात आमच्या घरमालकीण काकू. त्या साखर मागायला आल्या तरी मला धडकी भरायची.

त्या वर्षी नवरात्रात त्यांनी घटाला माळ घालायचा मान मला दिला. परगावच्या बाईला एवढा मान! मध्येच अडचण यायला नको म्हणून मी मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या, कुणाला न सांगता. वर उपवास कडक, पाणीसुद्धा दिवेलागणीनंतर. सातव्या माळेला डोकं ठणकायला लागलं. उपवासाचं पित्त असेल म्हणून सुंठ लावली. नवव्या दिवशी उलट्या झाल्या आणि समोरच्या एका दिव्याचे दोन दिसायला लागले.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, कसली औषधं चालू आहेत का. शेजारी हे, मागे दीर. मी नाही म्हणून मान हलवली. पुरुषांसमोर कसं सांगणार?

तेवढ्यात काकू माझे कपडे घेऊन आल्या. ते भरताना त्यांना गोळ्यांचं पाकीट सापडलं होतं. ते वर धरून त्या अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलल्या, “ह्या खाल्ल्यात की हिनं. पाळी लांबवायच्या. आन् दिवसभर पोटात पाण्याचा थेंब न्हाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यावरूनच डॉक्टरबाईंनी लगेच डोक्याचा फोटो काढायला लावला. मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. गुठळी पायात होते एवढंच मी ऐकलेलं. त्यांनी समजावलं, अंगात रक्त आधीच कमी, त्यात गोळ्या, त्यात पाणी नाही. एकेकटं कदाचित निभावलं असतं. तिन्ही एकदम आली. उशीर झाला असता तर डोळे गेले असते, कदाचित जीवही.

काकू रोज डबा आणायच्या आणि विचारायच्या, आज किती काकू दिसत्यात? एके सकाळी मी म्हणाले, एकच.

“एक हाय तीच लई हाय,” शेजारच्या खाटेवरची आजी म्हणाली, आणि सगळा वॉर्ड हसला. काकू सगळ्यांत मोठ्यानं.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. लग्नाची तारीख नेमकी अडचणीत येतेय, कुठली गोळी घेऊ, असं कुजबुजत विचारत होती. मी भरल्या मेसमध्ये तव्यासमोरूनच ओरडले, “डॉक्टरला विचारल्याबिगर एक गोळी घ्यायची न्हाय. पाळी आली तर येऊ दे की, लग्न काय थांबतंय?”

पलीकडे बहीण हसत सुटली. इकडे एक पाहुणे घास हातात धरून बघत राहिले. मी त्यांच्या ताटात गरम भाकरी टाकली.