अक्कांचं ‘काय हाय का?’

अक्का दर अर्ध्या तासाला मान वर करून विचारायच्या, “काय हाय का गं?” सुरुवातीला मला त्याचा वैताग यायचा. भवानी पेठेतल्या त्यांच्या खोलीत टॉवेल विणणाऱ्या मागांचे कंट्रोल बोर्ड दुरुस्तीला येत. मी वैरागहून डिप्लोमा करून तिथे कामाला लागले होते आणि अडलेलं सांगायची मला लाज वाटायची. त्यांनी विचारलं की मात्र सांगावंच लागे.

हे विचारणं त्यांनी यूएसबीकडून उचललं होतं. एकदा एक कारखानदार तावातावाने आले. मागाच्या पॅनेलमध्ये नक्षीची फाइल पेनड्राइव्हने जात होती, पण लॅपटॉप जोडला की पॅनेल मुकं. अक्कांनी पॅनेलची एक सेटिंग बदलली आणि फाइल गेली. मग मला समजावलं. यूएसबीच्या तारेवर एक होस्ट असतो, तो विचारतो. दुसरा डिव्हाइस, तो विचारल्यावरच बोलतो. पेनड्राइव्हपुढे पॅनेल होस्ट असतं, लॅपटॉपपुढे त्याला डिव्हाइस व्हावं लागतं. आतला कंट्रोलर दोन्ही कामं करतो, पण एका वेळी एकच. सेटिंग होस्टवरच राहिली तर दोघंही विचारत बसतात आणि उत्तर कुणीच देत नाही.

“माउस हलला तरी आपनहून सांगत न्हाय,” त्या म्हणाल्या. “कॉम्प्युटर सारखा इचारतो म्हणून कळतं. गप माणसाचं बी तसंच हाय.”

मी चार दिवस ताप अंगावर काढत होते, तेही त्यांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर कबूल केलं. त्यांनी काम तसंच टाकून मला रिक्षाने दवाखान्यात नेलं. असं दुसरं माणूस मला भेटलं नाही.

पुढे बारीक सोल्डरिंग त्या माझ्याकडे सरकवू लागल्या. म्हणायच्या, तुझा हात चांगला हाय. मी फुशारून गेले. चहाचा कप ठेवताना त्यांचा हात चुके, ती मला घाई वाटायची.

एके दिवशी त्या दाराच्या चौकटीवर आदळल्या, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, परत न येणारा, उजवा जपायचा. रस्त्यातच मला रडू फुटलं. सांगितलं का नाही, म्हणून मी त्यांच्यावरच चिडले.

“मला कुणी इचारलंच न्हाय की,” अक्का म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती.

आता खोली मी चालवते. अक्का खुर्चीत बसून मार्गदर्शन करतात, आणि दर अर्ध्या तासाला विचारते ती मी. उत्तर ठरलेलं असतं, काय न्हाय.

काल मात्र त्यांनी मान माझ्याकडे वळवली. म्हणाल्या, “हाय गं. उजव्या डोळ्याला कडेनं धुरकट दिसतंय, सकाळधरनं.”

मी सोल्डरिंग बंद केलं, दाराला कुलूप घातलं आणि रिक्षा थांबवली.